'लिनक्सवर चालत नाही' असे लिहिण्याआधी : गेम प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन गेमचे प्रकाशक, स्टुडिओंचे तांत्रिक प्रमुख आणि अँटी-चीट (खेळातली लबाडी रोखणारे सॉफ्टवेअर) विभाग यांस

विषय : लिनक्सवरून खेळणाऱ्यांना प्रवेश देण्याबाबत, आणि दिलेला प्रवेश विक्रीनंतर काढून न घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमच्या गेमच्या मदत-पानावर एक छोटे वाक्य असते : 'हा गेम लिनक्सवर चालत नाही.' लिनक्स ही विंडोजसारखीच, पण खुली संगणकप्रणाली. ते वाक्य वाचणाऱ्याचा समज होतो की काहीतरी तांत्रिक अडचण असणार. काही गेमांच्या बाबतीत ती असतेही. पण पुष्कळ ऑनलाइन गेमांच्या बाबतीत गेम व्यवस्थित चालतो, सर्व्हर मात्र आत घेत नाही, आणि आत घेत नाही कारण तुमच्याकडे कुणीतरी तसे ठरवलेले असते. ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे, त्याबद्दल वाद नाही. मागणी अशी की जे ठरवले आहे ते ठरवले म्हणून सांगा, पैसे घेण्याआधी सांगा, आणि एकदा उघडलेले दार गिऱ्हाइकाने पैसे मोजल्यावर लावून घेऊ नका.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. वाल्व कंपनीचे गेम-दुकान स्टीम लिनक्सवर आले फेब्रुवारी २०१३ मध्ये. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिली स्टीम मशीन (लिनक्सवर चालणारे गेम-संगणक) बाजारात आली आणि आपटली. त्यांवर खेळायला पुरेसे गेमच नव्हते. प्रत्येक स्टुडिओने लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी अशी तेव्हाची अपेक्षा होती, आणि तो खर्च बहुतेकांना परवडणारा नव्हता. २१ ऑगस्ट २०१८ ला वाल्वने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणले आणि हे गणितच पालटले. प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे, डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-प्रणालीचे ११ व्या आवृत्तीपर्यंतचे काम व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स-प्रणालीकडे वळवणारे डीएक्सव्हीके आहे, आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. विंडोजसाठी बांधलेली तुमची तीच फाइल त्यावर चालते.

२५ फेब्रुवारी २०२२ ला एल्डन रिंग आला, तीन दिवसांनी वाल्वचे लिनक्सवर चालणारे हातातले गेम-यंत्र स्टीम डेक. गेम विंडोजवर मध्येच अडखळत होता. वाल्वच्या ग्राफिक्स टीमने ग्राफिक्स मेमरीचे वाटप राखून ठेवणारा बदल व्हीकेडी३डी-प्रोटॉनमध्ये केला आणि काही दिवसांतच डेकवरचे अडखळणे कमी झाले. शिवाय त्या गेमचे ईझी अँटी-चीटही डेकवर चालत होते, म्हणजे ऑनलाइन खेळही होत होता. त्यानंतर काम थांबलेले नाही. विंडोजमधल्या थ्रेडनी (एकाच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या कामांनी) एकमेकांची वाट कशी पाहायची ती रीत लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, उतरवणारा एनटीसिंक हा ड्रायव्हर मार्च २०२५ च्या ६.१४ आवृत्तीत पूर्ण झाला. पूर्वी हेच काम ई-सिंक या पद्धतीने करताना एकेका गेमसाठी हजारो फाइल-डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) लागायचे आणि मर्यादा संपली की गेम कोसळायचा.

आणि खेळणारे किती? स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सने ३ टक्क्यांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. त्याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० चा सामान्य सपोर्ट संपला होता. वाल्वने २०२१ सालासाठी महिन्याला १३.२ कोटी सक्रिय खेळाडू सांगितले होते. तोच जुना आकडा धरला तरी ३ टक्के म्हणजे ३९.६ लाख होतात. २०२५ मध्ये लेनोवोने लीजन गो एस हे यंत्र वाल्वची लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस प्रणाली घालून विकायला काढले. १२ नोव्हेंबर २०२५ ला वाल्वने नवे स्टीम मशीन आणि स्टीम फ्रेम हा व्हीआर हेडसेट जाहीर केला. फ्रेममध्ये मोबाइलसारखी एआरएम चिप आहे आणि त्यावर तुमच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी चिपसाठी बनलेल्या) फाइली फेक्स नावाच्या थरातून चालवल्या जाणार आहेत. यातली काही यंत्रे टीव्हीखाली ठेवली जातील, आणि त्यापुढे बसणाऱ्याला आपण लिनक्स वापरतोय हे ठाऊकही नसेल. तुमच्या मदत-पानावरचे वाक्य त्याच्यासाठी निरर्थक आहे.

आता मुद्द्यावर येऊ : अँटी-चीट.

विंडोजवर तुमच्या अँटी-चीटचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो. प्रोटॉनमध्ये विंडोजचा कर्नल नसतोच, तेव्हा त्या ड्रायव्हरला बसायला जागा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही यावर वाट काढल्याचे जाहीर केले. गेम विंडोजचाच राहतो, पण त्याच्यावर पहारा ठेवणारा भाग लिनक्सचा असतो आणि तो कर्नलबाहेर, युजर-स्पेसमध्ये चालतो. खेळाडूच्या बाजूला त्यासाठी लागणारे रनटाइम (साहाय्यक फाइलींचा संच) स्टीम स्वतःच उतरवून घेते. तुमच्या बाजूचे काम वाटते त्यापेक्षा बरेच थोडे आहे.

बॅटलआय वापरत असाल तर बॅटलआयला कळवायचे की आमच्या अमुक गेमसाठी प्रोटॉन चालू करा. बस. ईझी अँटी-चीटच्या बाबतीत त्याच्या मालक कंपनीच्या, म्हणजे एपिकच्या, डेव्हलपर पोर्टलमध्ये लिनक्सचे क्लायंट मॉड्यूल सक्रिय करायचे, तिथून ६४-बिट एसओ फाइल (विंडोजच्या डीएलएलचा लिनक्समधला जोडीदार) उतरवायची, बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या तयार फाइलींच्या संचात, त्याच नावाच्या डीएलएल फाइलशेजारी ठेवायची आणि नवे बिल्ड प्रसिद्ध करायचे. गेम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही.

एवढ्याशा कामातही घोळ होतात, म्हणून नेमके सांगतो. ती एसओ फाइल लिनक्सची आहे म्हणून कुणीतरी ती लिनक्सच्या डेपोत (स्टीमवरच्या त्या प्रणालीसाठीच्या फाइलींच्या गठ्ठ्यात) टाकतो. पण प्रोटॉनवर खेळणाऱ्याकडे विंडोजचा डेपो उतरतो. लिनक्सचा डेपो त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. फाइल विंडोजच्याच डेपोत हवी. दुसरा घोळ बिल्ड-स्क्रिप्टचा : विंडोजच्या पॅकेजमधले 'अनोळखी' एक्स्टेन्शन साफ करणारी ओळ तिच्यात असते आणि पुढच्या पॅचला फाइल गळून जाते. खेळाडूच्या दृष्टीने काल चालणारा गेम आज बंद पडतो आणि तुमच्या कार्यालयात कुणाला पत्ताही नसतो. बिल्ड प्रसिद्ध होण्याआधी फाइल जागेवर आहे की नाही एवढी एक तपासणी घातली की हे टळते. तिसरा घोळ सर्वांत चकवणारा आहे. फाइल जागेवर असते, पण पोर्टलमध्ये मॉड्यूल सक्रिय नसते. मग गेम सुरू होतो, मेनू येतो, पात्र निवडता येते, सामनाही सुरू होतो, आणि थोड्याच वेळात खेळाडू बाहेर फेकला जातो. पडद्यावर कारण येते 'कनेक्शन तुटले'. तो बिचारा राउटर बंद-चालू करत बसतो.

हे सगळे करूनही तुमच्यापैकी काहींचे उत्तर 'नाही' असेच आहे, आणि त्यामागचे कारण आम्ही हलक्यात घेत नाही. एपेक्स लेजेंड्स २०२२ पासून लिनक्सवर चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो बंद केला, आणि लिनक्सच्या मोकळेपणाचा फायदा चीट बनवणारे घेत असल्याचे कारण दिले. लिनक्सवर मशीनच्या मालकाला खरोखरच सगळे करता येते. स्वतःचा कर्नल बांधता येतो, रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार घेऊन, दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचता येते, आणि युजर-स्पेसमधल्या पहारेकऱ्याला त्यातले पुष्कळसे दिसत नाही. हे खरे आहे आणि लिनक्सवाल्यांनी ते नाकारू नये. आमच्यातल्या ज्यांना सामन्यात चीटर भेटतात त्यांनाही तितकाच राग येतो.

पण कर्नलमध्ये बसल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत डीएमए कार्ड (मेमरी थेट वाचणारे कार्ड) बसवून गेमची मेमरी दुसऱ्याच संगणकावरून वाचणारे हे विंडोजवरच करतात. कॅप्चर कार्डावरून चित्र दुसऱ्या संगणकाकडे नेऊन तिथून मायक्रोकंट्रोलरमार्फत माउस हलवणाऱ्याचा मागमूस खेळाच्या मशीनमध्ये फारसा राहत नाही. कर्नलमधल्या कोडची किंमतही मोठी असते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन पाडल्या. ते अँटी-चीट नव्हते, पण बसण्याची जागा तीच. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर गुन्हेगारांनी गेम नसलेल्या मशीनवर नेऊन रॅन्समवेअरसाठी वापरल्याचे उघड झाले. त्यावर सही खरी होती, म्हणून विंडोजने तो चालू दिला.

ज्याचा उपयोग कोणत्याही प्लॅटफॉर्मवर होतो तो उपाय म्हणजे खेळाडूला जे दिसायला नको ते त्याच्या मशीनकडे पाठवायचेच नाही. भिंतीआडचा शत्रू दाखवणारा वॉलहॅक चालतो कारण त्या शत्रूची जागा क्लायंटच्या मेमरीत आलेली असते. व्हॅलोरंटने २०२० पासून सर्व्हरवरच दृष्टीचा हिशेब करून ही माहिती रोखायला सुरुवात केली. हे फुकट होत नाही. पाच विरुद्ध पाचच्या सामन्यात प्रत्येकाला पाच शत्रू, म्हणजे सर्व्हरच्या दर टिकला (हिशेबाच्या दर फेरीला) ५० तपासण्या. ६० जणांच्या, तिघा-तिघांच्या संघांच्या बॅटल रॉयलमध्ये प्रत्येकाला ५७ शत्रू, म्हणजे ३,४२० तपासण्या. आणि हिशेब नेमका 'आत्ता दिसतो का' एवढाच केला तर कोपऱ्यावर शत्रू अचानक हवेतून उगवल्यासारखा दिसतो. खेळाडूच्या पिंगइतका (सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याइतका) काळ पुढचा अंदाज धरून माहिती थोडी आधी पाठवावी लागते, आणि त्या थोड्या काळापुरता वॉलहॅक चालतोच. तरी संपूर्ण नकाशा उघडा पडण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. अर्थात याने आपोआप नेम धरणारा एमबॉट थांबत नाही. त्यासाठी नेमाच्या हालचालींचा सर्व्हरवर अभ्यास करावा लागतो, जसा वाल्व व्हॅकनेट या यंत्रणेत काउंटर-स्ट्राइकसाठी करते.

हे सगळे उद्या उभे राहणार नाही, ठाऊक आहे. म्हणून 'सरसकट बंदी' आणि 'सरसकट मोकळीक' यांच्यामधली वाट धरा असे आमचे म्हणणे आहे. रँकिंगचे सामने लिनक्सला बंद ठेवा, हवे तर बराच काळ ठेवा. पण साधे सामने, मित्रांच्या खासगी लॉबी, बॉटविरुद्धचा सराव आणि को-ऑप (मिळून खेळायचे) मोड उघडा. क्लायंट वाइनवर चालतोय हे ओळखणे अवघड नाही. वाइनच्या एनटीडीएलएल या फाइलमध्ये वाइनची आवृत्ती सांगणारे एक फंक्शन असते, ते आहे का एवढे पाहायचे. ते लपवताही येते, म्हणून सुरक्षेसाठी त्यावर विसंबू नका, पण सरळमार्गी खेळाडूला योग्य रांगेत पाठवायला ते पुरते. लिनक्सवाल्यांची पूर्ण वेगळी रांग करण्याचा मोह मात्र आवरा. खेळाडू थोडे असले की सामना जुळायला वेळ लागतो, वाट पाहून लोक निघून जातात, आणि मग 'मागणीच नव्हती' असा निष्कर्ष निघतो. आणि वैतागून चुकीच्या मोडमध्ये शिरलेल्याच्या खात्यावर बंदी घालू नका. त्याला बाहेर काढा आणि पडद्यावर खरे कारण लिहा.

एकट्याने खेळायच्या भागाला ऑनलाइनचे अँटी-चीट लावणे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ मध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आले आणि लिनक्सवरचे ऑनलाइन बंद पडले, पण कथा-मोड चालू राहिला. एवढी विभागणी तरी प्रत्येक गेममध्ये असावी. ऑनलाइन बंद करण्याबद्दलचे आमचे दुःख मात्र तसेच आहे, कारण आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड, आर्मा ३ आणि डेझेड याच बॅटलआयसह प्रोटॉनवर चालतात.

ज्यांना अँटी-चीटची भानगडच नाही अशा गेमांतही छोट्या गोष्टी अडतात. त्यातली सर्वांत सामान्य व्हिडिओची. गेम सुरू होतो, कथा रंगात येते, आणि कटसीनच्या (कथा सांगणाऱ्या चित्रफितीच्या) जागी टीव्हीच्या चाचणीसारख्या उभ्या रंगीत पट्ट्या दिसतात. आवाजही नसतो. कारण असे की कटसीन विंडोजच्या मीडिया फाउंडेशनकडे (व्हिडिओ चालवणाऱ्या भागाकडे) सोपवलेले असते आणि त्यातले एच.२६४ किंवा डब्ल्यूएमव्ही उलगडणारे कोडेक पेटंटच्या अडचणीमुळे प्रोटॉनसोबत वाटता येत नाहीत. वाल्व असे व्हिडिओ आपल्या बाजूला रूपांतरित करून खेळाडूंकडे पाठवते, पण नव्या गेमच्या पहिल्या दिवशी ते तयार असेलच असे नाही. पट्ट्या दिसतात त्या या मधल्या काळात. युनिटी इंजिनात गेम बनवत असाल तर व्हिडिओ व्हीपी८ वेबएम प्रकारचे करा. त्याचा डीकोडर इंजिनातच आहे. अनरियल इंजिनात त्यासाठी बिंक हा व्हिडिओ-प्रकार आहे. एका दुपारचे हे काम आहे, आणि विंडोजच्या ज्या आवृत्त्यांत मीडिया पॅक नसतो तिथलीही तक्रार त्यासोबत मिटते.

लाँचरबद्दल, म्हणजे गेमच्या आधी उघडणाऱ्या प्रोग्रामबद्दल, फार लिहीत नाही. स्टीममधून उघडलेल्या गेमने आणखी एक लाँचर उघडायचा, त्याने आतल्या ब्राउझरमध्ये लॉगिन मागायचे, आणि त्या लाँचरच्या अपडेटने प्रोटॉनवर गेम पांढऱ्या खिडकीत अडकायचा, हे वारंवार होते. स्टीमच्या तिकिटावर थेट लॉगिन द्या. तेवढे शक्य नसेल तर लाँचर वगळून गेम सुरू करण्याचा पर्याय ठेवा.

ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती तपासून 'ड्रायव्हर जुना आहे' म्हणत गेम बंद करणारा कोड लिहिला असेल तर त्याचे रूपांतर इशाऱ्यात करा. प्रोटॉनमध्ये कार्डाचे नाव आणि ड्रायव्हरचा क्रमांक विंडोजसारखा दिसेलच असे नसते. अक्षरांचा आकारही पाहा : स्टीम डेकच्या १२८० बाय ८०० पडद्यावर सर्वांत लहान अक्षर ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचे असू नये अशी वाल्वच्या 'डेक व्हेरिफाइड' शिक्क्याची अट आहे. आमच्या मते १२ च्या खाली जाऊच नये.

वेगळी लिनक्स आवृत्ती काढू की नको, असे विचारणाऱ्या छोट्या स्टुडिओंना आमचे उत्तर : सांभाळणार असाल तरच काढा. दोन पॅच मागे पडलेल्या आवृत्तीपेक्षा प्रोटॉनवर तपासलेले विंडोज बिल्ड केव्हाही चांगले. काढलीच तर स्टीमच्या स्नायपर रनटाइममध्ये (ठरावीक लायब्ऱ्यांच्या संचात) बांधा, म्हणजे तुमच्या संगणकावरचे नवे जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) जुन्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या वितरणावर) गेमला सुरूच होऊ देत नाही, असा प्रकार होणार नाही. फाइलनावांतली लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही एकसारखी ठेवा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

शेवटी पैशांचा भाग. स्टीमचा परतावा खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ, एवढ्यापुरता आहे. दोन वर्षे लिनक्सवर खेळून, त्यात पात्रांचे पोशाख विकत घेऊन एका सकाळी दार बंद झालेल्याला त्यातून काहीच मिळत नाही. रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये लिनक्स आणि मॅकच्या आवृत्त्या बंद केल्या तेव्हा तिथल्या खेळाडूंना परतावा देऊ केला होता, तेव्हा हे करता येते. स्टोअर पेजवर कर्नल-पातळीचे अँटी-चीट असल्यास तसे सांगणे ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमने बंधनकारक केले आहे. त्याच रकान्यात एक ओळ वाढवा : प्रोटॉनवर ऑनलाइन चालते, अमुक मोडमध्येच चालते, किंवा चालत नाही. निर्णय बदलणार असेल तर किमान ९० दिवस आधी तिथेच तारीख लिहा, आणि त्या काळात लिनक्सवरच्या खात्यांना गेममधली खरेदी बंद करा.

तुमच्या बाजूला चाचणीसाठी एक स्टीम डेक आणि एनव्हिडियाचे कार्ड असलेला एक लिनक्स डेस्कटॉप एवढे पुरेल. डेकवर चालले म्हणजे सगळीकडे चालले असे धरू नका, कारण तिथे शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) आधीच तयार होऊन येतात आणि डेस्कटॉपवर ते येतीलच असे नाही. आमच्या बाजूने तक्रारीसोबत काय यावे ते तुम्ही ठरवा. गेमच्या लॉन्च ऑप्शनमध्ये प्रोटॉनचा लॉग चालू केला की होम फोल्डरमध्ये स्टीमच्या नावाची आणि गेमच्या क्रमांकाची लॉग फाइल पडते. ती फाइल, प्रोटॉनची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, एवढे स्वीकारणारा एक अर्ज मदत-पानावर ठेवा. तो भरणारी माणसे आमच्याकडे भरपूर आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
लिनक्सवर खेळणारे खेळाडू